दोत्रिनीची घंटा आणि सांजेची प्रार्थना

धर्मग्रामाच्या कार्यालयांतील लोखंडी कपाटांत तीन प्रकारच्या जाड वह्या आहेत. एकींत बाप्तिस्म्यांची नोंद, दुसरींत विवाहांची, तिसरींत मृत्यूंची. अमक्याचा बाप्तिस्मा कोणत्या दिवशीं झाला, त्याचे आईबाप कोण, धर्मपिता व धर्ममाता कोण, मस्तकावर पाणी कोणत्या पाद्रीनें घातलें, हें सर्व तेथें शाईनें लिहिलेलें सांपडतें. या स्मरणिकेसाठीं मुलांच्या धर्मशिक्षणाचा इतिहास लिहावा असा महोत्सव मंडळानें आग्रह केला, तेव्हां मी साहजिकच प्रथम त्या कपाटाकडे वळलों. दोन संध्याकाळ वह्या चाळल्या. मग ध्यानांत आलें कीं, मला हवी होती ती वही तेथें नाहीं, व ती कधीं कोणीं ठेविलीही नव्हती. क्रुसाची पहिली खूण करतांना बालकाचा हात कोणीं धरला, ‘नमो मरिया’ त्याजकडून कोणीं पाठ करून घेतली, निजण्यापूर्वीं गुडघे टेकावयाची संवय त्यास कोणीं लाविली, याची नोंद कोणत्याही देवळांत ठेविली जात नाहीं.

म्हणून हा लेख आपल्या देवळाच्या आवारांत न मावतां दूरदूर फिरून आला आहे. आपलें देऊळ केव्हां बांधलें गेलें, कोणकोणते पाद्री येथें सेवा करून गेले, तें या पुस्तिकेंत इतरांनीं सविस्तर लिहिलेंच आहे. मला सांगावयाचें आहे तें त्या वह्यांत न उतरलेल्या गोष्टीविषयीं: आपल्या लोकांत श्रद्धा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी गेली, आणि ती वाट आज कोठें अडली आहे.

आरंभ घंटेपासून करावा हें बरें. ६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. पोपांचे प्रतिनिधि या नात्यानें आलेला हा पुरुष रुग्णालयांत बिऱ्हाड करून राहिला, आणि हातांत लहानशी घंटा घेऊन गोव्याच्या रस्त्यांतून हिंडूं लागला. घंटा वाजवून मुलांस व गुलामांस हांक मारावयाची, जमलेला घोळका घेऊन देवळांत जावयाचें, व तेथें प्रार्थना आणि आज्ञा त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घ्यावयाच्या, असा त्यांचा क्रम असे. एवढ्या अधिकाराच्या पाद्रीनें भर रस्त्यांत घंटा हालवीत चालावें हें त्या वैभवी शहरांतील पुष्कळ थोरामोठ्यांस चमत्कारिक वाटलें असेल. मुलांस वाटलें नसावें.

त्याच वर्षीं ते दक्षिणेस, मोतीं काढणाऱ्या परव लोकांच्या किनाऱ्यावर गेले. तेथें त्यांस भाषेचा एक शब्दही येत नव्हता. दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारीं माणसें शोधून त्यांनीं क्रुसाची खूण, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना हें सर्व तामिळींत उतरवून घेतलें, आणि मोठ्या कष्टानें स्वतः तोंडपाठ केलें. ही हकीकत त्यांनीं १५ जानेवारी १५४४ रोजीं कोचीनहून आपल्या बांधवांस लिहिलेल्या पत्रांत आहे. त्या पत्रांतील एक गोष्ट मी सेमिनरींत असतांना वाचली होती, पण तिचें मोल मला फार उशिरां कळलें. मुलांस पाठ दिला म्हणजे झेवियर त्यांस बजावीत कीं, हें घरीं जाऊन आईबापांस शिकवा, घरांतील सर्वांस शिकवा, शेजाऱ्यांस शिकवा. आजाऱ्यांकडून इतकीं बोलावणीं येत कीं एकट्यानें सर्वत्र जाणें अशक्य होई. तेव्हां ते मुलांनाच पाठवीत. तीं मुलें आजाऱ्याच्या उशाशीं जमून घरच्या व शेजारच्या मंडळींकडून प्रार्थना म्हणवून घेत.

येथें थोडें थांबावेंसें वाटतें. आम्ही पाद्री व शिक्षक मुलांकडे पाहतों तें भरावयाच्या रिकाम्या घागरीकडे पाहावें तसें. झेवियर यांच्या हातीं तींच मुलें पाण्याचे पाट झालीं. दहा वर्षांचें पोर आजोबांस ‘आमच्या बापा’ शिकवीत होतें, व शिकवितां शिकवितां तें त्याच्या स्वतःच्या अंगीं मुरत होतें. अर्थात् त्या पत्रांतील सर्वच कांहीं आज आपणांस रुचेल असें नाहीं. मुलांच्या उत्साहाचा रोख शेजाऱ्यांच्या मूर्तींवरही वळला, आणि झेवियर यांनीं तें कौतुकानें लिहिलें आहे. ज्या वाड्यांत आपलें घर व हिंदु शेजाऱ्याचें घर एका भिंतीस लागून आहे तेथें तो भाग अनुकरणासाठीं कोणीही सांगणार नाहीं. परंतु संतांचा इतिहास लिहितांनाही झांकपाक करूं नये, असें मला वाटतें.

गोव्यांत ही दोत्रिन पुढें देवळोदेवळीं रुळली. १५५६ सालीं गोव्याच्या संत पावल विद्यालयांत हिंदुस्थानांतील पहिला छापखाना आला, व दुसऱ्याच वर्षीं झेवियर यांची दोत्रिन पोर्तुगीज भाषेंत तेथें छापली गेली. १५७८ सालीं कोल्लम येथें तामिळ लिपींत छापलेलें ‘तंबिरान् वणक्कम्’ हें सोळा पानांचें पुस्तक, तेंही दोत्रिनच. आपल्या देशांतील छपाईचा पाळणा असा मुलांच्या पाठापाशीं हालला.

मराठी वाचकांस याहून जिव्हाळ्याची गोष्ट फादर थॉमस स्टीफन्स यांची. इंग्लंडांत १५४९ सालीं जन्मलेले हे येशूसंघी पाद्री १५७९ सालीं गोव्यास आले, व १६१९ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांचा बहुतेक काळ साष्टी प्रांतांत गेला. १६१६ सालीं राचोल येथें छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’स मराठी सारस्वतांत केवढा मान आहे हें सर्वांस ठाऊक आहे. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचें निमित्त काय झालें, हें मात्र व्याख्यानांतून फारसें सांगितलें जात नाहीं. कवीनें तें आरंभींच वर्णिलें आहे. दोत्रिन चालली आहे. तेथें एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीस विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलीं. मग त्यांच्या जागीं वाचावयास व मन रमवावयास आम्हांस दुसरें कांहीं कां देत नाहीं?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो विचारणारा मूल नव्हे, प्रौढ गृहस्थ आहे. दोत्रिनींत मुलांस उत्तरें मिळत होतीं. परंतु दिवेलागणीच्या वेळीं ज्या घरांत पूर्वीं पोथी वाचली जाई तें घर आतां मुकें झालें होतें. मुलें देवळांतून पाठ घेऊन येत, आणि घरीं तो पाठ झेलणारें कोणी नसे. स्टीफन्स यांनीं त्या गृहस्थास गप्प बसविलें नाहीं. त्यांनीं त्याच्याच लोकांच्या छंदांत, ओवींत, जगाच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा गाऊन दिली. पुढें १६४९ व १६५४ सालीं तिच्या आवृत्त्या निघाल्या. गोव्यांतून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तें पुराण बरोबर नेलें, आणि १९०७ सालीं तें मंगळुरास पुन्हां छापलें गेलें.

स्टीफन्स यांची दुसरी निवड तितकीच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुराण त्यांनीं मराठींत रचिलें, कारण पुराणाची भाषा ती होती. पण मुलांसाठीं गुरुशिष्यांच्या संवादरूपानें जी दोत्रिन लिहिली ती कोंकणींत, म्हणजे साष्टींतील मूल चुलीपाशीं ऐकत असे त्या बोलींत. त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं ती राचोल येथेंच छापली गेली. ग्रंथाला भारदस्त भाषा, आणि लेंकराला आईची: इंग्लंडाहून आलेल्या माणसास हा भेद कळला. जे राज्यकर्ते दीडशें वर्षांहून अधिक काळ येथें राहिले होते त्यांस तो कळला नाहीं. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय काउंट आल्व्होर यांनीं हुकूम काढिला कीं, लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषाच बोलावी, आणि त्यासाठीं तीन वर्षांची मुदत दिली. कोंकणी आज जिवंत आहे, तेव्हां तो हुकूम गोव्याच्या घरांच्या उंबरठ्याबाहेरच राहिला हें उघड आहे.

आतां आपल्या वसईकडे येऊं. १५४८ सालीं झेवियर पोर्तुगीज अधिपतीच्या भेटीसाठीं येथें आले होते. येशूसंघाचें काम येथें त्याच सुमारास सुरू झालें, व पुढें किल्ल्यांत त्यांच्या हाताखालीं मुलांचें शिक्षण चालूं लागलें. १५५७ च्या सुमारास किल्ल्यांत एक मुलगा जन्मास आला. बाप पोर्तुगीज, आई याच मातींतली. तो येशूसंघाच्या पाद्रींपाशीं दोत्रिन शिकला, देवळांत सेवा करूं लागला, आणि पंधरा वर्षांचा असतांना आपले गुरु फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्याबरोबर जहाजांत बसून जपानास गेला. तेथें तो जपानी भाषा इतकी उत्तम शिकला कीं आठ वर्षें त्यानें पाद्रींच्या बरोबरीनें उपदेशकाचें काम केलें. हा मुलगा म्हणजे संत गोन्सालो गार्सिया.

त्यांचें चरित्र आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलें आहे, म्हणून मी भराभर पुढें जातों. येशूसंघांत प्रवेश मिळाला नाहीं, म्हणून ते व्यापारांत पडले. मनिला येथें फ्रान्सिस्कन बांधव झाले. १५९३ सालीं दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेंकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर त्यांचा वध झाला. ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्या सव्वीस जणांस संतपदास चढविलें. आपल्या प्रवचनांतून आम्ही येथेंच थांबतों. त्या सव्वीसांत तीन मुलें होतीं हें सांगावयाचें राहून जातें. लुई इबाराकी बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा, व थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. तिघेही फ्रान्सिस्कन पाद्रींच्या सेवेंत वाढलेले, म्हणजे आजच्या भाषेंत वेदीसेवकच म्हणावयाचे.

थॉमसाचे वडील मिगेल हेही त्यांतच होते. वधस्थानाकडे कडाक्याच्या थंडींतून चालवीत नेत असतां वाटेंत एका मुक्कामीं त्या मुलानें आईस पत्र लिहिलें. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वस्त्रांत तें रक्तानें माखलेलें सांपडलें. चौदा वर्षांच्या मुलानें अशा वेळीं काय लिहावें? तो आईचें सांत्वन करितो, धाकट्या दोघां भावांस श्रद्धाहीनांच्या हातीं पडूं देऊं नकोस म्हणून विनवितो, आणि तिला एक पाठ देतो: मरणसमयीं पापनिवेदन ऐकावयास पाद्री मिळाला नाहीं तरी भिऊं नकोस, मनापासून पूर्ण पश्चात्ताप केलास तर देव तुला दूर लोटणार नाहीं. मी सेमिनरींत धर्मशास्त्र शिकलों, परीक्षा दिल्या. पण पूर्ण पश्चात्तापाचें तत्त्व इतक्या नेमक्या ठिकाणीं, इतक्या नेमक्या माणसापुढें मांडणें मला आजवर साधलेलें नाहीं. मूल आईस शिकवीत होतें. झेवियर १५४९ सालीं जपानांत उतरले होते. त्यांची रीत तेथें रुजली होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्या पत्राचा उपयोग त्या एका आईपुरता राहिला नाहीं असें पुढचा इतिहास पाहतां वाटतें. १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पाद्री हद्दपार झाले, पकडले गेले, मारले गेले. दोनशें वर्षांहून अधिक काळ त्या लोकांमध्यें एकही पाद्री नांदला नाहीं. तेवढ्या काळांत खेड्यापाड्यांतून गुप्तपणें राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं आपसांत कामें वांटून घेतलीं. एकानें सणांचें पंचांग सांभाळावयाचें, एकानें बालकांस बाप्तिस्मा द्यावयाचा. पूर्ण पश्चात्ताप कसा करावा हें सांगणारी एक लहान पोथी नकलून नकलून जपली गेली. प्रार्थना कुजबुजत मुलांच्या कानीं घातल्या गेल्या. लातिन व पोर्तुगीज शब्द झिजून ओळखूं न येण्याइतके बदलले. मग १७ मार्च १८६५ रोजीं नागासाकींतील ओउरा येथें नुकत्याच बांधलेल्या देवळांत कांहीं गांवकरी आले, आणि त्यांतील एका स्त्रीनें फ्रेंच पाद्री फादर पेतिजां यांस हळूच सांगितलें कीं आमची श्रद्धा तीच आहे, जी तुमची. मग तिनें पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे तें विचारलें. तें देऊळ त्याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नांवानें अर्पण झालें होतें. वसईच्या किल्ल्यांत दोत्रिन शिकलेला मुलगाही त्या नांवांत आला.

या कथेला दुसरी बाजूही आहे, ती सोडून चालणार नाहीं. दोनशें वर्षांच्या एकांतांत कांहीं घरांतील श्रद्धा मूळ वाटेपासून इतकी दूर गेली होती कीं, पाद्री परत आल्यावरही तीं घरें ख्रिस्तसभेंत परतलीं नाहींत. आपलीं जुनीं व्रतेंच पाळीत राहिलीं. घर एकटें पडलें तर श्रद्धा टिकते, पण तिचा आकार बदलूं लागतो. घराला देवळाची गरज असते. हें मी प्रथम सांगून ठेवितों, कारण पुढें जें लिहिणार आहें त्यावरून मी रविवारच्या वर्गास कमी लेखतों असा कोणाचा समज होऊं नये.

वसईवर तसा प्रसंग आला नाहीं, पण त्याची छाया येऊन गेली. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढें किल्ला पडला. पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्रीही गेले. किल्ल्यांतील मठ व शाळा ओस पडल्या. राहिलेल्या लोकांची काळजी वाहावयास गोव्याचे थोडे देशी पाद्री उरले. ज्या मुलाचा बाप्तिस्मा १७३८ सालीं झाला असेल त्याला दोत्रिन कोणीं शिकविली? शाळा नव्हती, पाद्रीची फेरी क्वचित्. तरी त्याच्या नातवंडांचे बाप्तिस्मे झाले, आणि त्यांच्या नातवंडांचेही, आणि आपण येथें आहोंत. यांतून एकच अनुमान निघतें. वाड्यांतल्या क्रुसापाशीं, ओसरीवर, चुलीपुढें कोणी तरी शिकवीत होतें. १६५९ सालीं लिस्बन येथें छापलेलें फ्रान्सिस्कन पाद्री फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचें प्रभूच्या दुःखसहनाचें पुराण उत्तर कोंकणांतील ख्रिस्ती लोकांत पुढें पिढ्यान् पिढ्या वाचलें जात असे. बाकीचें काम आज्यांनीं केलें. संत पावलानें तीमथ्यास लिहितांना त्याच्या आजीचें व आईचें, लोईस व युनिके यांचें, नांव घेऊन स्मरण केलें आहे. वसईच्या लोईस व युनिके यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

पुढच्या दीडशें वर्षांचा पसारा मोठा आहे, पण आपल्या विषयापुरता तो थोडक्यांत आटोपतां येईल. इंग्रजी अंमलांत पाद्रींची संख्या वाढली, देवळांजवळ शाळा निघाल्या, व धर्मपाठ शाळेच्या वेळापत्रकांत बसला. पोप दहावे पायस यांनीं १९०५ सालच्या ‘आचेर्बो निमिस’ या परिपत्रानें प्रत्येक धर्मग्रामांत रविवारीं व सणावारीं मुलांस एक तास धर्मशिक्षण देण्याचा दंडक घातला. ८ ऑगस्ट १९१० रोजीं ‘क्वाम सिंगुलारी’ या आज्ञापत्रानें प्रथम ख्रिस्तप्रसादाचें वय खालीं आलें. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं मुलांस दहा, बारा, कोठें चौदा वर्षें थांबावें लागे. आतां समज येण्याचें वय, म्हणजे सुमारें सात वर्षें, पुरेसें ठरलें. साध्या भाकरींत व ख्रिस्तप्रसादांत भेद कळला कीं मूल पात्र. त्याच आज्ञापत्रांत मुलास तयार करण्याचा भार आईबापांवरही स्पष्टपणें ठेविला आहे. परंतु आपण त्यांतला शुभ्र पोशाख, मेणबत्ती व फोटो तेवढा उचलला, आणि भार शिक्षिकेच्या पदरांत टाकिला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें १९६४ सालीं कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटलें, १९६५ सालीं आईबाप हेच मुलांचे पहिले व प्रमुख गुरु असें पुन्हां सांगितलें. त्याच दशकांत मिस्सा मराठींत होऊं लागली. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२१ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं उपदेशकाच्या सेवेस ख्रिस्तसभेंत रीतसर पद दिलें. पुस्तकें आलीं, तक्ते आले, परीक्षा व बक्षिसें आलीं.

येथें रविवारच्या वर्गाच्या शिक्षकशिक्षिकांविषयीं दोन शब्द लिहिले नाहींत तर कृतघ्नपणा होईल. सहा दिवस नोकरी किंवा शेतवाडी करून सातव्या दिवशीं चाळीस मुलांपुढें उभें राहणें सोपें नाहीं. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देवग्रातियास नांवाच्या सेवकानें संत अगस्तीनकडे अशीच तक्रार केली होती कीं, तेंच तें शिकवून मला कंटाळा येतो. अगस्तीन यांनीं त्यास रागावलें नाहीं, उलट एक सबंध पुस्तक लिहून धाडिलें, आणि मलाही माझें बोलणें बहुधा आवडत नाहीं अशी कबुली दिली. सोळाशें वर्षांपूर्वींचा तो कंटाळा आपल्या शिक्षकांनीं मनास लावून घेऊं नये.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना मला दिसून आलें कीं, इंग्रजी शाळेंत जाणारीं मुलें मराठी धर्मवर्गांत मुकीं बसतात. मीं इंग्रजी वर्ग काढिला. हजेरी वाढली, आईबाप खूष झाले, मलाही धन्यता वाटली. दोन वर्षांत मराठी वर्गांत बोटांवर मोजण्याइतकीं मुलें उरलीं. मग एका पावसाळी रात्रीं एका म्हाताऱ्या बाईस तैलाभ्यंग देण्यासाठीं मला बोलावणें आलें. तैलाभ्यंग झाल्यावर बाईंनीं डोळे मिटून, अगदीं बारीक आवाजांत, माळेची प्रार्थना सुरू केली. ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध त्यांनीं म्हटला व त्या थांबल्या. उत्तरार्ध घरच्यांनीं म्हणावयाचा असतो. मुलगा जमिनीकडे पाहत राहिला. उशाशीं नात गुडघे टेकून होती. त्याच वर्षीं धर्मशिक्षणाच्या परीक्षेंत तिनें पहिला क्रमांक मिळविला होता व बक्षीस मींच तिच्या हातीं दिलें होतें. तिला ती प्रार्थना इंग्रजींत अचूक येत होती. आजीपुढें इंग्रजी म्हणावी कीं न म्हणावी या संकोचांत तिचे ओठ हालले, आवाज फुटला नाहीं. उत्तरार्ध मीं एकट्यानें म्हटला. पांच दशकें माळ होईपर्यंत म्हटला.

मुलीचा त्यांत कांहीं दोष नव्हता. शिक्षिकेचाही नव्हता. दोघींचा प्रभु एक, श्रद्धा एक, प्रार्थनाही तीच. परंतु त्या खोलींत ती एकीकडून दुसरीकडे जाऊं शकली नाहीं, आणि जी वाट चिमाजी आप्पांच्या लढाईनें बंद पडली नव्हती तिच्यावर मीं चांगल्या हेतूनें बांध घातला होता. इंग्रजी शिकूं नये असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणणारे पाद्री आपलीं भाचरें कोणत्या शाळेंत आहेत तें सांगत नाहींत. मुलांस जग पाहावयाचें आहे, गोन्सालोही जपानी शिकलाच. पण तो जपानी शिकला तो तेथील लोकांस शिकविण्यासाठीं. आपल्या मुलांस आजीला कांहीं द्यावयाचें नाहीं, आजीकडून कांहीं घ्यावयाचें नाहीं, अशी स्थिति आली आहे. आणि दृढीकरणाचा संस्कार झाला कीं पुष्कळ तरुण देवळाचा निरोप घेतात याचें मूळ मला येथें दिसतें. पंधराव्या वर्षीं गोन्सालोच्या हातीं उपदेशाचें काम आलें. आपण पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातीं सणाच्या दिवशीं खुर्च्या देतों, मांडावयास.

या महोत्सवी वर्षांत म्हणून दोन लहान गोष्टी आरंभिल्या आहेत. दृढीकरणाच्या तयारीस बसलेलीं मुलें जोडीजोडीनें पहिल्या शुक्रवारीं अंथरुणास खिळलेल्या वृद्धांकडे जातात, व त्यांच्या बोलींत त्यांच्याबरोबर माळ म्हणतात. पहिल्या महिन्यांत दोन जोड्या लाजून परत आल्या. एका आजोबांनीं मुलांस दारांतच विचारलें कीं, तुम्हांला कोणीं पाठविलें, मला काय एवढ्यांत मरावयाचें आहे? तिसऱ्या महिन्यांत तेच आजोबा दुपारपासून ओसरीवर वाट पाहत बसले होते. दुसरी गोष्ट वहीची. प्रत्येक मुलानें घरांतील सर्वांत वृद्ध माणसाकडून एक प्रार्थना किंवा एक जुनें भक्तिगीत त्यांच्याच उच्चारांत उतरवून घ्यावयाचें, आणि खालीं लिहावयाचें कीं, त्यांस तें कोणीं शिकविलें होतें. सांगणाऱ्या बहुतेकांनीं आईचें किंवा आजीचें नांव सांगितलें. एका बाईंनीं शेजारणीचें सांगितलें, एका गृहस्थांनीं शेतावर कामास येणाऱ्या माणसाचें. एका मुलीच्या वहींत मात्र आजीचें नांव नाहीं. तिच्या आजीस दुखण्यामुळें सर्व प्रार्थनांचा विसर पडला होता. मुलीनें त्या दुसरीकडून शिकून आजीस रोज म्हणून दाखविल्या, व आतां आजी उत्तरार्ध म्हणते. शिकविणाऱ्याच्या जागीं त्या मुलीनें स्वतःचें नांव लिहावें कीं नाहीं असें मला विचारिलें. मीं लिहावयास सांगितलें.

आजपर्यंत एक्काहत्तर वह्या आल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या वह्यांच्या शेजारचा कप्पा त्यांच्यासाठीं रिकामा करविला आहे. ज्यांच्या वह्या अद्यापि यावयाच्या आहेत त्यांनीं त्या पुढील पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेनंतर कार्यालयांत आणून द्याव्यात. अक्षर वाईट असलें तरी चालेल.